रिपोर्टमध्ये तीनदा ‘डेल्टा’: भाच्याचा ईईजी, आभा कार्ड आणि रुग्णालयाचं पोर्टल

गावातल्या लेकराला फिट आली आणि नागपूरला ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लाटा टिपणारी तपासणी) काढायला सांगितलं, तर पुढे काय काय करावं लागतं, ते तारीखवार लिहिते आहे. घाटंजी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. लोकांची आभा कार्डं (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्रं) काढून देणं हे माझं रोजचं काम. तरी भाच्याच्या वेळी पोर्टलवर आम्ही तीन ठिकाणी अडलो, आणि रिपोर्टमधल्या ‘डेल्टा’ (मेंदूतल्या मंद लाटा) या शब्दाने घाबरलो. तुम्ही अडू नये, म्हणून हे लिहिणं.

५ जुलै २०२४, शुक्रवार, पहाट. भाचा नऊ वर्षांचा, चौथीत. झोपेतच डावा हात आणि तोंडाची डावी बाजू उडायला लागली, मग सगळं अंग. घड्याळात दोन मिनिटं. त्या वेळात करायचं एवढंच: कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, वेळ बघायची आणि एकाने मोबाइलवर चित्रीकरण करायचं. फिट पाच मिनिटांच्या वर गेली किंवा थांबून लगेच दुसरी आली, तर वाट बघू नका, १०८ लावा. वहिनीने चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला होता. पुढे प्रत्येक डॉक्टरने आधी तोच मागितला. सुरुवात डाव्या हातापासून झाली, हे त्यात दिसत होतं, आणि डावा हात म्हणजे मेंदूची उजवी बाजू. हा धागा शेवटपर्यंत कामी आला.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक रात्र ठेवून घेतलं, फिटचं औषध सुरू केलं आणि ६ तारखेला ‘नागपूरला न्यूरोलॉजीत (मेंदूविकार विभागात) दाखवा, ईईजी करून घ्या’ अशी चिठ्ठी देऊन सोडलं.

८ जुलै, सोमवार. रुग्णालयाच्या पोर्टलवर नंबर लावायला बसलो. तिथे दोन वाटा होत्या, आभा क्रमांक टाका किंवा साध्या मोबाइल नंबरवर नोंदणी करा. मी सवयीने आभाच्या वाटेने गेले आणि पहिली अडचण तिथेच आली. तिथे आभा काढायला आधारचा ओटीपी लागत होता. भाच्याचं आधार दोन वर्षांचा असताना काढलेलं निळं बालआधार. त्याला जोडलेला नंबर भावाच्या जुन्या सिमचा, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं. शिवाय मूल पाच वर्षांचं झालं की बोटांचे ठसे आणि डोळे पहिल्यांदा नोंदवावे लागतात, तेही राहून गेलेलं. तेव्हा आधारला मोबाइल नंबर ऑनलाइन जोडता येत नव्हता, केंद्रावर स्वतः जावंच लागायचं. ९ तारखेला तालुक्याच्या आधार केंद्रावर गेलो. ठसे आणि नंबर दोन्हींचे मिळून शंभर रुपये लागले. नुसता नंबर बदलायचा असता तर तेव्हा पन्नासच. ज्यांची लेकरं पाच-सहा वर्षांची आहेत त्यांनी हे काम आत्ताच उरकून घ्या, पाच ते सात या वयात ठसे फुकट होतात. आमचं आधार अद्ययावत व्हायला १८ जुलै उजाडला.

चूक माझी ही, की आभासाठी मी नंबर लावायचं दोन दिवस थांबवलं. आभा नसलं म्हणून अपॉइंटमेंट अडत नाही. १० तारखेला साध्या मोबाइल नंबरवर नोंदणी केली आणि २२ जुलैची तारीख मिळाली. न्यूरोलॉजीची ओपीडी ठरावीक वारांनाच असते. पोर्टलवर एखादा दिवस राखाडी दिसला, तर जागा भरल्यात असंच नसतं, त्या दिवशी ओपीडीच नसेल.

दुसरी अडचण ओटीपीची. भाऊ डवरणीला शेतात, त्याचा फोन त्याच्याजवळ, आणि मी संगणकापुढे उपकेंद्रात. ओटीपी दहा मिनिटांत मरतो. त्याचा फोन आला, “आला नाही न वं अजून, इथं एकच कांडी दिसून राह्यली.” तीनदा असं झाल्यावर पोर्टलने थोड्या वेळासाठी खातंच बंद केलं. नोंदणी करताना दिवसा घरात राहणाऱ्या माणसाचा नंबर द्या. आम्ही नंतर सगळीकडे वहिनीचा नंबर केला.

२२ जुलै, सोमवार. पहाटेच्या एसटीने नागपूर. बायांना अर्धं तिकीट, मुलाला अर्धं, त्यामुळे गाडी करण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. ऑनलाइन नंबर असला तरी केसपेपर खिडकीवर छापून घ्यावा लागतो. आणि इथेच तिसरी अडचण जन्माला आली, फक्त आम्हाला तेव्हा कळली नाही. खिडकीवर मोबाइलमधला मेसेज दाखवायच्या आत ‘नाव सांगा, वय सांगा’ झालं आणि नवीन नोंदणी होऊन केसपेपर हातात आला. म्हणजे एकाच मुलाचे दोन नोंदणी क्रमांक झाले. नव्या नोंदीत नावाचं स्पेलिंग वेगळं, वय आठ. वय सांगितलं की संगणक त्यावरून जन्मसाल धरतो, त्यामुळे सालही एक वर्षाने चुकलं. खिडकीवर तोंडी काही सांगू नका. मेसेज आणि आधार काचेला लावा, आणि कागद हातात आला की बाजूला होण्याआधी नाव, जन्मसाल, मोबाइल आणि बारकोडखालचा क्रमांक वाचून घ्या.

डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला, हातपाय-डोळे तपासले, ईईजीला २६ तारीख दिली. ‘झोप कमी करून आणा’ असं चिठ्ठीवर लिहिलं. ईईजीचे पाचशे रुपये त्याच दिवशी भरून घेतले.

२६ जुलै, शुक्रवार, ईईजी. तयारी आदल्या दिवसापासून. आपल्याकडे लेकराच्या डोक्यावर तेल थापलेलं असतं, आणि तेलावर तारा धरत नाहीत. आदल्या संध्याकाळी शाम्पूने दोनदा डोकं धुतलं, नंतर तेल नाही. फिटचं औषध वेळेवर दिलं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते बंद करायचं नसतं. सकाळी पोटभर खाऊ घातलं, कारण उपाशीपोटी साखर उतरली की मेंदूच्या लाटा मंदावतात. त्याआधी रात्री बारापर्यंत जागवला, पहाटे चारला उठवला. खरी परीक्षा प्रवासाची होती. साडेतीन-चार तास गाडीत लेकराने डुलकी घ्यायची नाही. डुलकी झाली की तिथे झोप लागत नाही, आणि झोपेतला भाग नसलेला ईईजी अर्धाच. या एका दिवसासाठी आम्ही भाड्याची गाडी केली, साडेतीन हजार गेले. वहिनी मागे त्याच्याशेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावत होती.

आजीची काळजी वेगळी होती. “डोक्याले करंट लावतेत का वं?” लावत नाहीत. यंत्र डोक्यात काही सोडत नाही, डोक्यातून येणारं फक्त टिपतं. तो विद्युतदाब व्होल्टच्या दहा लाखाव्या हिश्शात मोजतात, म्हणून जवळच्या मोबाइलचा, पंख्याचा, हलणाऱ्या जबड्याचाही त्यात गोंधळ होतो.

तंत्रज्ञ ताईंनी आधी फितीने डोकं मोजलं. नाकाच्या मुळापासून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या लांबीच्या दहा आणि वीस टक्क्यांवर पेन्सिलने खुणा केल्या. म्हणूनच या पद्धतीला टेन-ट्वेंटी म्हणतात, आणि म्हणूनच लहान-मोठ्या कुठल्याही डोक्यावर तारा त्याच जागी बसतात. प्रत्येक खुणेवर खरखरीत जेल घासलं आणि पांढऱ्या चिकट लेपाने एकवीस तारा बसवल्या. पाऊण तास त्यातच गेला. मग, “बेटा, डोळे मीट. आता उघड.” मिटल्याबरोबर पडद्यावर डोक्याच्या मागच्या तारांमध्ये बारीक, एकसारख्या लाटा उमटायच्या, डोळे उघडले की विरायच्या. त्या अल्फा.

नंतर तीन मिनिटं जोरजोरात श्वास. लहान मुलांना हातात कागदी भिंगरी देतात आणि फुंकत राहायला सांगतात. इथे विदर्भातल्या लोकांना मुद्दाम सांगते: मुलाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, नुसता वाहक असला तरी, किंवा दमा असेल, तर तंत्रज्ञाला आधी सांगा. अशांना ही श्वासाची चाचणी देत नाहीत. आपल्या भागात सिकलसेल किती आहे ते आपल्याला माहीत आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ते विचारलं जाईलच, असं धरून चालू नका. शेवटी लुकलुकणारा दिवा, आणि मग झोप. भाचा चार मिनिटांत घोरायला लागला.

ताईंनी झोपेतलं एक पान दाखवलं. पडद्यावर एका वेळी दहा सेकंद दिसतात, एकेका सेकंदाला उभी रेघ. दोन रेघांच्या मध्ये अल्फाच्या नऊ-दहा लाटा बसतात. गाढ झोपेत त्याच दोन रेघांत एक-दोनच, पण उंच आणि रुंद. या डेल्टा. सेकंदाला अर्धीपासून चारपर्यंत लाटा असल्या की डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा, त्यापुढे बीटा. माणसाच्या मेंदूचा ईईजी पहिल्यांदा जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये टिपला आणि १९२९ मध्ये छापला. डेल्टा हे नाव ग्रे वॉल्टर यांनी १९३६ मध्ये दिलं, आणि तेही मेंदूतल्या गाठीच्या जागी दिसणाऱ्या मंद लाटांना. म्हणजे एकच नाव निरोगी झोपेलाही आणि आजाराच्या खुणेलाही. सगळा घोळ इथून सुरू होतो.

डोक्याला लागलेला लेप कोमट पाणी आणि शाम्पूने निघतो, वाळू दिला तर केस ओढले जातात. कंगवा, टॉवेल सोबत न्या.

३० जुलैला मेसेज आला, ‘अहवाल उपलब्ध आहे’. पोर्टल उघडलं तर रक्ताचे रिपोर्टही नाहीत आणि ईईजीही नाही. कारण तोच, दोन नोंदणी क्रमांक. पोर्टलचं खातं १० तारखेच्या क्रमांकावर, आणि सगळ्या तपासण्या खिडकीवरच्या क्रमांकावर. १० तारखेच्या मेसेजमधला आणि केसपेपरवरचा क्रमांक शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं. रिपोर्ट बघण्यासाठी दुसऱ्या क्रमांकाने लगेच लॉगिन केलं. कायमचा उपाय मात्र रुग्णालयाच्या अभिलेख विभागातच होतो: साधा अर्ज, दोन्ही नोंदणींच्या कागदांच्या आणि आधारच्या झेरॉक्स, ‘दोन्ही क्रमांक एकाच रुग्णाचे असून एकत्र करावेत’ एवढं एक वाक्य. पुढच्या खेपेला दिला, दोन दिवसांत झालं. जन्मसालही त्याच अर्जात दुरुस्त करून घेतलं.

जन्मसालावर एवढा जोर का, तर आभामुळे. आभाचा चौदा आकडी क्रमांक काढला की रिपोर्ट आपोआप त्यात येऊन पडतात असा लोकांचा समज आहे. तसं नाही. रिपोर्ट रुग्णालयाकडेच राहतात. आपण ॲपमध्ये रुग्णालय शोधायचं, ‘माझ्या नोंदी शोधा’ म्हणायचं, मग नाव, लिंग, जन्मसाल आणि मोबाइल जुळवून नोंदी सापडतात, ओटीपी टाकून त्या जोडल्या जातात. या चारांत एखादं बसलं नाही तर ‘नोंद सापडली नाही’ असं येऊ शकतं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं असेल तर त्यांच्याकडून संमतीची विनंती येते. कोणते कागद, किती तारखेपर्यंत, हे आपण ठरवतो, आणि दिलेली संमती परतही घेता येते.

आता रिपोर्ट. दोन पानांचा पीडीएफ, इंग्रजी, आणि त्यात डेल्टा हा शब्द तीनदा. पोर्टलचा हाच धोका आहे, कागद डॉक्टरच्या आधी घरी पोहोचतो. वहिनीने रात्रीच मोबाइलवर ‘डेल्टा’ शोधलं. अर्ध्या ठिकाणी गाढ झोपेचं संगीत, अर्ध्या ठिकाणी मेंदूचा ट्यूमर. दोन्ही पाहून ती रात्रभर जागी. डेल्टा कधीही एकटा वाचायचा नाही. चार गोष्टी लागतात: जागेपणी की झोपेत, वय किती, सगळीकडे की एकाच जागी, आणि फिट येऊन किती दिवस झाले.

त्या हिशेबाने आमचे तीन डेल्टा. पहिला, ‘श्वासाच्या चाचणीत डेल्टाचा बिल्ड-अप (वाढ), एका मिनिटात पूर्ववत’. जोरात श्वासाने कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि मुलांमध्ये मंद लाटा उसळतात. दोन्हीकडे सारख्या आणि श्वास थांबल्यावर विरणाऱ्या असतील तर या वयात तो दोष नाही. दुसरा, ‘गाढ झोपेत डेल्टा’. तो असायलाच हवा. तीस सेकंदांच्या तुकड्यात पाचवा हिस्सा किंवा जास्त अशा मंद, उंच लाटा असल्या तरच त्या झोपेला गाढ म्हणतात. तिसरा मात्र ‘जागेपणी, उजव्या बाजूला पराइटल (डोक्याच्या वरच्या-मागच्या) भागात, अधूनमधून दोन ते तीन हर्ट्झचा (सेकंदाला दोन-तीन लाटांचा) डेल्टा, एपिलेप्टिफॉर्म (फिटच्या) लाटा नाहीत’. जागेपणी, एकाच जागी, आणि फिट येऊन तीन आठवडे झालेले. फिटनंतर काही तास, कधी काही दिवस त्या जागी मंद लाटा राहतात, पण तीन आठवडे म्हणजे कारण दुसरं शोधायला हवं. आणि बाजू उजवी, व्हिडिओतल्या डाव्या हाताशी जुळणारी.

१ ऑगस्टला उपकेंद्रातून ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन डॉक्टरसेवा) डॉक्टरांशी बोलून घेतलं, पीडीएफ चढवला. त्यांनी निदान केलं नाही, करायचंही नव्हतं. पण तिसऱ्या ओळीसाठी बहुधा एमआरआय सांगतील, पैशांची आणि सुट्टीची तयारी ठेवा, असं स्पष्ट सांगितलं. तेवढ्याने वहिनीला जेवण गेलं.

५ ऑगस्ट, ओपीडी. तसंच झालं. डॉक्टरांनी कारण समजावलं ते असं: मेंदूच्या वरच्या राखाडी थराखाली पांढरा भाग असतो, तारांच्या जुडग्यासारखा. त्याला सूज किंवा इजा झाली की वरच्या थराला खालून येणारे संदेश तुटतात, आणि तो थर जागेपणीही मंद लाटा काढत राहतो. डेल्टा आजाराचं नाव सांगत नाही, जागा दाखवतो. ती जागा बघायला एमआरआय.

१४ ऑगस्टला एमआरआय झाला. कॉन्ट्रास्टच्या (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाच्या) आधी किडनीची रक्ततपासणी लागते. ती आधी करून, रिपोर्ट घेऊन जा, नाहीतर तारीख जाते. सगळं मिळून तीन हजार दोनशे रुपये. उजव्या बाजूला एक सेंटिमीटरच्या आतली कडीसारखी गाठ आणि भोवती सूज दिसली. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे पट्टकृमीच्या (टेपवर्मच्या) अंड्यांतून मेंदूत गेलेली अळी. आमच्या घरात माळ आहे, मांस शिजत नाही, त्यामुळे पहिल्यांदा कोणी मानेना. पण हा आजार मांस खाल्ल्याने होत नाही. डुकराचं कच्चं राहिलेलं मांस खाल्ल्यावर पोटात पट्टकृमी होतो. मेंदूतली अळी होते ती त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि अंडी माणसाच्या विष्ठेतून पाणी, पालेभाजी, न धुतलेले हात यांवाटे कुणाच्याही तोंडात जातात. म्हणून शाकाहाऱ्यांनाही होतो. औषध अल्बेंडाझोल आणि सोबत स्टेरॉइड, डॉक्टरांच्या देखरेखीत. अळी मरताना सूज वाढते, म्हणून दुकानातून गोळी आणून स्वतः सुरू करायची नाही. फिटचं औषध वेगळं चालू राहतं, त्यात एकही खाडा नको. पोळ्याला आम्ही दिवसभर देवळापुढे होतो, संध्याकाळची मात्रा राहत होती, तेव्हापासून वहिनीच्या फोनवर दोन गजर लावले आहेत.

पोर्टलवरून एमआरआयची फक्त निष्कर्षाची पानं उतरतात, चित्रं नाहीत. ईईजीचंही तसंच. दुसऱ्या डॉक्टरांना खरी चित्रं लागतात, म्हणून सीडी त्याच दिवशी मागून घ्या. आणि पीडीएफ चांगल्या नेटवर असतानाच उतरवून नावात तारीख घाला. गावात परत आल्यावर आमच्याकडे ते फक्त पाण्याच्या टाकीजवळ उतरतात.

११ नोव्हेंबरला दुसरा ईईजी झाला. या वेळी खिडकीवर आधी क्रमांक दाखवला, नवीन नोंद झाली नाही. १४ तारखेला रिपोर्ट पोर्टलवर आला, आणि आभामध्येही जोडला गेला. त्यात डेल्टा दोनदाच आहे, श्वासाच्या चाचणीत आणि झोपेत. उजव्या बाजूची ओळ नाही. वहिनीने दोन्ही पानं शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत स्वतः वाचली. औषध चालू आहे. फेब्रुवारीत पुन्हा एमआरआय आहे, त्याची किडनीची रक्ततपासणी जानेवारीअखेर तालुक्यालाच करून घेणार आहोत.